विश्लेषण : चिमूरसाठी ६३ दिवस उपाशी राहिलेले प्रा. भन्साळी कोण होते? रक्षकावरच आरोप असेल तर चौकशी कोणी करायची?

घरात चोर शिरला तर आपण पोलिसांना फोन करतो. दुखणे वाढले तर डॉक्टरकडे जातो. गावात दंगा झाला तर सरकारने बंदोबस्त पाठवावा, अशी मागणी करतो. पण गुन्ह्याचा आरोप या माणसांवरच असेल, तर तक्रार घेऊन जायचे कुठे?

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरच्या रहिवाशांपुढे हा प्रश्न ऑगस्ट १९४२ मध्ये उभा राहिला. गावात शांतता प्रस्थापित करण्यासाठी आलेल्या सैनिक आणि पोलिसांवरच लूटमार आणि महिलांवरील अत्याचाराचे आरोप झाले. सरकारने चौकशी नाकारली. त्या चौकशीसाठी सेवाग्राम आश्रमातील एका माणसाने ६३ दिवस अन्न घेतले नाही. त्यांचे नाव जयकृष्ण प्रभुदास भन्साळी. विदर्भातील जुनी पिढी त्यांना प्राध्यापक भन्साळी किंवा भन्साळीजी म्हणून ओळखते. त्यांचे आयुष्य, चिमूरचा लढा आणि त्यातून आजपर्यंत आलेला कायद्याचा प्रश्न समजून घेऊया.

भन्साळी कोण होते?

भन्साळी मूळचे गुजराती. प्राध्यापकी केल्यामुळे प्राध्यापक ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. १९२० च्या दशकात ते महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात होते. आश्रमात एकापेक्षा एक कडक शिस्तीची माणसे होती, पण भन्साळींचा स्वभाव त्यांतही वेगळा. एखादी गोष्ट मनाने घेतली की ती शेवटपर्यंत ताणायची, मग शरीराचे काय होईल याचा विचार करायचा नाही. दीर्घ उपवास त्यांनी तेव्हापासूनच केले होते.

पुढे त्यांनी आश्रम सोडला आणि साधनेसाठी भटकंती सुरू केली. त्यांनी १२ वर्षांच्या मौनाचे व्रत घेतले. चुकूनही तोंडातून शब्द निघू नये म्हणून त्यांनी तारेने ओठ शिवून घेतले होते. पाण्यात कालवलेले कच्चे पीठ आणि कडुलिंबाचा पाला हा त्यांचा आहार होता. अंगावर कपडा नावापुरता. अशा अवस्थेत त्यांनी देशाचा मोठा भाग पायी पालथा घातला.

गांधीजींना ही टोकाची तपश्चर्या पटत नव्हती. आपल्या एकट्याच्या मुक्तीपेक्षा लोकांच्या उपयोगी पडावे, असा त्यांचा आग्रह होता. अखेर भन्साळी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आले आणि पुन्हा बोलू लागले. तिथे ते तासन् तास सूत कातत आणि मुलांना शिकवत. पत्रकार आणि परदेशी पाहुणे सेवाग्रामला आले की या अवलियाकडे कुतूहलाने पाहत.

राजकारणाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. ते सभा गाजवणारे वक्ते नव्हते की कुठल्या पक्षाचे पदाधिकारी नव्हते. १९४२ च्या हिवाळ्यात मात्र हा एकांतप्रिय माणूस देशाच्या वर्तमानपत्रांचा विषय झाला, आणि त्या वर्तमानपत्रांना त्यांच्याविषयी लिहिण्याची बंदीही झाली.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरमध्ये काय घडले?

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेसने भारत छोडोचा ठराव केला. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह प्रमुख नेत्यांना अटक झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. नेते आत आणि लोक रस्त्यावर, अशी देशभर स्थिती होती.

चिमूर तेव्हा मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यातील एक मोठे खेडे होते. भोवती जंगल, मधे नाले, आणि पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी जेमतेम संपर्क. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी या भागात मोठी जागृती केली होती. त्यांनाही २८ ऑगस्टला अटक झाली.

१६ ऑगस्टला नागपंचमी होती. गावात मिरवणूक निघाली. पोलिसांनी ती अडवली, लाठ्या चालवल्या आणि पुढे गोळीबार केला. बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा त्यात मारला गेला. त्यानंतर जमाव बेभान झाला. डाकबंगल्याला आग लावण्यात आली. जमावाच्या हल्ल्यात दोन महसूल अधिकारी आणि दोन पोलीस ठार झाले.

हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. चार सरकारी माणसांचा जीव गेला, तो गुन्हाच होता आणि त्याचा तपास होणे रास्त होते. प्रश्न पुढच्या दिवसांचा आहे.

सैन्य आल्यानंतर काय झाले?

१९ ऑगस्टला सैन्याची तुकडी आणि पोलीस चिमूरमध्ये दाखल झाले. तुकडीत गोऱ्या सैनिकांचा भरणा होता. गावातील पुरुषांची सरसकट धरपकड झाली. कर्ते पुरुष कोठडीत आणि घरात बायका, मुले, म्हातारी माणसे उरली. त्या दिवसांत सैनिक आणि पोलिसांनी घरे लुटली, महिलांवर बलात्कार केले, असे आरोप गावातून पुढे आले.

हे आरोप बाहेर पडायलाच काही आठवडे लागले. गावाची नाकेबंदी होती. बातम्यांवर निर्बंध होते. शिवाय त्या काळात अत्याचार झाल्याचे सांगणे म्हणजे बाईने आणि तिच्या घराने जन्मभराचा कलंक ओढवून घेणे होते. तरीही महिला बोलल्या. सप्टेंबरमध्ये हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे, तसेच नागपूरहून गेलेल्या महिलांच्या पथकाने चिमूरला भेट दिली आणि तिथली कैफियत ऐकून घेतली. काँग्रेसचे नेते तुरुंगात असल्याने हे काम त्या पक्षाबाहेरच्या माणसांनाही करावे लागले.

मध्य प्रांत सरकारने आरोप फेटाळले. चौकशीची गरज नाही, असे ठरवले. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून प्रांतात गव्हर्नरची राजवट होती. त्यामुळे प्रश्न विचारायला विधिमंडळ नव्हते आणि उत्तर द्यायला मंत्री नव्हता.

त्या वेळची हवा कळण्यासाठी आणखी एक तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. चिमूरच्या घटनेच्या आदल्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ ला, व्हाईसरॉय लिनलिथगो यांनी सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा अध्यादेश काढला होता. आणीबाणीच्या भागात जीव जाईपर्यंत बळ वापरण्याची मुभा त्यात लष्करी अधिकाऱ्यांना होती. या अध्यादेशाखाली केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर आधी केंद्र सरकारची परवानगी लागणार होती. स्वतंत्र भारतातील अफ्स्पा या कायद्याचे मूळ याच अध्यादेशात सापडते.

भन्साळींची मागणी नेमकी काय होती?

भन्साळींनी कुणाला फाशी द्या किंवा अमुक अधिकाऱ्याला बडतर्फ करा, अशी मागणी केली नाही. आरोपांची निष्पक्ष चौकशी करा, एवढेच त्यांचे मागणे होते. आरोप खोटे असतील तर तेही चौकशीतून कळेल. सरकारने नेमके हेच नाकारले होते.

त्यांनी आधी दिल्लीचा रस्ता धरला. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा माधव श्रीहरी उर्फ लोकनायक बापूजी अणे हे सदस्य होते. अणे मूळचे वणीचे, म्हणजे चांदा जिल्ह्याच्या सीमेवरचे. विदर्भाचा माणूस सरकारात इतक्या वर बसला आहे, तर त्याने निदान चिमूरला जाऊन आपल्या डोळ्यांनी पाहावे, अशी भन्साळींची अपेक्षा होती. ती पूर्ण होईना तेव्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी अणेंच्या दारातच उपवास मांडला. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेऊन सेवाग्रामला परत पाठवले.

मग ते थेट चिमूरला पोहोचले. ११ नोव्हेंबर १९४२ पासून त्यांचा प्रसिद्ध उपवास मोजला जातो. तिथूनही पोलिसांनी त्यांना उचलून सेवाग्रामला आणले. उपवास सुरू असतानाच ते पुन्हा चिमूरकडे पायी निघाले. सेवाग्राम ते चिमूर हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. अन्नावाचून अशक्त झालेला माणूस या वाटेने चालत निघाला आहे, हे दृश्य सरकारला परवडणारे नव्हते. त्यांना वाटेतच अडवून परत आणण्यात आले. नंतरचे सगळे दिवस त्यांनी सेवाग्राममध्ये उपाशी काढले.

त्या ६३ दिवसांत पडद्यामागे काय चालले होते?

पहिली घडामोड आगाखान पॅलेसमधली. कैदेत असलेल्या गांधीजींना उपवासाची बातमी कळली. भन्साळींचा स्वभाव ते ओळखून होते. त्यांच्याशी थेट संपर्क करू द्यावा, उपवास योग्य कारणासाठी नसेल तर मी त्यांना परावृत्त करेन, असे त्यांनी नोव्हेंबरच्या अखेरीस सरकारला कळवले. सरकारने थेट संपर्काची परवानगी दिली नाही. उपवास सोडण्याचा सल्ला द्यायचा असेल तर तो पोहोचवू, असे उत्तर आले. वस्तुस्थिती कळल्याशिवाय असा सल्ला देणे गांधीजींना मान्य नव्हते. त्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

या पत्रव्यवहारात सरकारची भूमिका उघड होते. उपवास थांबावा, ही इच्छा होती. उपवासाचे कारण काय, याची चर्चा मात्र नको होती.

दुसरी घडामोड वर्तमानपत्रांची. भन्साळींचा उपवास आणि चिमूर यांविषयीच्या बातम्या छापण्यावर निर्बंध आले. आज एखाद्या जिल्ह्यातले इंटरनेट बंद झाले की बाहेर काय पोहोचते आणि काय नाही, याचा आपल्याला अंदाज आहे. तेव्हा तेच काम सेन्सॉर करत होता. संपादकांच्या अखिल भारतीय संघटनेने त्याविरोधात भूमिका घेतली. नववर्षाच्या सरकारी किताबांची यादी छापायची नाही, असे ठरले. ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वर्तमानपत्रांनी निषेध म्हणून अंक काढला नाही. चिमूरचे नाव छापायला बंदी होती, पण त्या दिवशी पेपरच का आला नाही हे विचारणाऱ्याला ते नाव कळतच होते.

तिसरी घडामोड मध्यस्थीची. कन्हैयालाल मुन्शी सेवाग्रामला येऊन भन्साळींना भेटले. मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांनी सरकारशी बोलणी केली. अखेर १२ जानेवारी १९४३ ला, ६३ व्या दिवशी, भन्साळींनी उपवास सोडला. त्यानंतर महिनाभरातच, १० फेब्रुवारीला, गांधीजींनी कैदेत २१ दिवसांचा उपवास सुरू केला. त्या वेळी अणे यांनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला.

उपवासातून काय मिळाले आणि काय नाही?

बातम्यांवरील बंदी उठली. सरकारला चिमूरच्या महिलांच्या सन्मानाबाबत जाहीरपणे आपली बाजू मांडावी लागली. चिमूरचे नाव देशभर पोहोचले. एवढे मिळाले.

चौकशी मात्र मिळाली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

आता दुसरी बाजू पाहा. जमावाने केलेल्या हत्यांचा तपास झाला. विशेष न्यायालयात खटले चालले. अनेकांना फाशीच्या आणि जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही १६ ऑगस्टलाच असाच उद्रेक झाला होता. त्यामुळे आष्टी-चिमूरचे कैदी हा पुढची तीन वर्षे देशाच्या काळजीचा विषय राहिला. त्यांचे प्राण वाचवण्यासाठी नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले. गांधीजींनीही सरकारला विनंती केली. अखेर १९४५ मध्ये उरलेल्या सात जणांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली.

म्हणजे एकाच गावात, एकाच आठवड्यात दोन प्रकारचे गुन्हे घडल्याचे आरोप झाले. गावकऱ्यांवरच्या आरोपांसाठी तपास, न्यायालय आणि फाशीचा दोर असे सगळे उपलब्ध होते. गणवेशातील माणसांवरच्या आरोपांसाठी साधा चौकशी अधिकारीही नेमला गेला नाही. भन्साळींच्या उपवासाचा अर्थ या तफावतीत आहे.

विश्वासातल्या व्यावसायिकांचे गुन्हे उघड व्हायला अवघड का असतात?

हा प्रश्न सैनिक आणि पोलिसांपुरता नाही. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, वकील अशा ज्या पेशांवर समाज डोळे झाकून भरवसा ठेवतो, तिथे गुन्हा घडला तर अडचण सारखीच असते. त्या माणसाला बंद दाराआड जाण्याचा हक्क असतो. समोरची व्यक्ती त्याच्यावर अवलंबून असते. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, काय घडले याची नोंद त्याच्याच हाताने होत असते.

पुण्याचे डॉ. अनंत चिंतामण लागू यांचा खटला याचे महाराष्ट्रातील गाजलेले उदाहरण. नोव्हेंबर १९५६ मध्ये ते आपल्या एका विधवा रुग्ण महिलेला उपचारासाठी रात्रीच्या रेल्वेने मुंबईला घेऊन निघाले. ती बेशुद्धावस्थेत मुंबईत पोहोचली. डॉक्टरांनी तिला रुग्णालयात दाखल करताना वेगळेच नाव सांगितले. काही तासांत तिचा मृत्यू झाला आणि मृतदेह बेवारस ठरला. पुढे तिने दुसरे लग्न केले असून ती दूर राहायला गेली आहे, अशी पत्रे तिच्या नावाने नातेवाईकांना येत राहिली आणि तिची मालमत्ता डॉक्टरांकडे वळत गेली. शवविच्छेदनात विष सापडले नव्हते. तरीही परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा मानून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी कायम केली. गुन्हा फुटला तो नातेवाईकांच्या चिकाटीमुळे.

इंग्लंडमधील डॉ. हॅरॉल्ड शिपमन यांना २००० मध्ये १५ रुग्णांच्या खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आले. नंतरच्या सार्वजनिक चौकशीत बळींची संख्या २१५ असल्याचा निष्कर्ष निघाला. मृत्यूचे दाखले ते स्वतःच लिहीत होते. या चौकशीने सुचवलेल्या सुधारणांतून पुढे दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने मृत्यूचे कारण तपासण्याची पद्धत आली. इंग्लंडमध्ये ती सप्टेंबर २०२४ पासून कायद्याने बंधनकारक आहे.

दोन्ही उदाहरणांत सूत्र एकच आहे. नोंद करणारा आणि आरोपी एकच असेल, तर कागदावर गुन्हा उरतच नाही. तो दिसायला बाहेरची नजर लागते. भन्साळी हीच बाहेरची नजर मागत होते.

तीस वर्षांनी याच जिल्ह्यात पुन्हा काय घडले?

२६ मार्च १९७२. ठिकाण देसाईगंज म्हणजे वडसा. आज हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. भावाच्या तक्रारीमुळे एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीला रात्री पोलीस ठाण्यात बोलावण्यात आले. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले आणि तिला थांबवून ठेवले. ठाण्यातच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप तिने केला. ठाण्याबाहेर लोक जमले, त्यांचा संताप वाढला, तेव्हा तक्रार लिहून घेतली गेली.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी धरून एकाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराचा पुरावा नाही, म्हणून संमती नव्हती असे म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, गणवेशातल्या माणसांसमोर एका गरीब मुलीच्या गप्प राहण्याला संमती कशी म्हणायची, हा सवाल उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रातून विचारला. १९८० मध्ये देशभर महिला रस्त्यावर उतरल्या. निकाल बदलला नाही, पण १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग आणि रुग्णालयाचे कर्मचारी त्याच्या कक्षेत आले. शरीरसंबंध सिद्ध झाला आणि महिलेने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरण्याची तरतूद झाली. पीडितेची ओळख उघड करणे हाही गुन्हा ठरला. या लेखात त्या मुलीचे नाव नाही, ते त्यामुळेच.

आज अशी तक्रार असेल तर कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. १९८३ च्या आणि त्यानंतरच्या सुधारणा त्यांत कायम आहेत. वाचकांनी लक्षात ठेवावे असे काही मुद्दे :

- पोलीस, सरकारी नोकर, सैनिक किंवा रुग्णालयातील कर्मचारी अशा अधिकाराच्या जागी असलेल्या व्यक्तीने केलेल्या बलात्कारासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ (२) नुसार किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे. ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते.
- एरवी कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी नोकरावर खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. बलात्कारासारख्या गुन्ह्यांत ती लागत नाही. २०१३ मध्ये हा खुलासा कायद्यात आला.
- महिलांवरील गंभीर गुन्ह्याची तक्रार नोंदवून घ्यायला नकार देणारा सरकारी नोकर स्वतः शिक्षेस पात्र ठरतो.
- गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. ती झिरो एफआयआर म्हणून नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते.
- पोलीस कोठडीत मृत्यू किंवा बलात्काराचा आरोप असेल तर पोलीस तपासाशिवाय न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत वेगळी चौकशी व्हावी, अशी तरतूद आहे.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. आरोपीच्या खात्याबाहेरच्या माणसाने चौकशी करायची, हेच तत्त्व त्यात आहे. १९४२ मध्ये त्यासाठी उपवास करावा लागला. आज ते कायद्याच्या पुस्तकात आहे.

अर्थात पुस्तकातला कायदा आणि जंगलातले गाव यांच्यात अंतर असते. सिरोंचाहून गडचिरोलीचे जिल्हा न्यायालय गाठायचे तर २०० किलोमीटरच्या आसपास प्रवास आहे. उच्च न्यायालय त्याहून पुढे, नागपूरला. अनेक गावांसाठी पोलीस मदत केंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हेच सरकारचे जवळचे दोन चेहरे आहेत. तिथे प्रामाणिकपणे काम करणारी माणसे आहेत आणि त्यांच्यावरच गावाचा गाडा चालतो. म्हणूनच त्यांच्यातल्या एखाद्यावर आरोप झाला तर त्याची स्वतंत्र चौकशी होणे बाकीच्यांच्याही हिताचे असते. चौकशी झाली नाही की संशयाचा डाग सगळ्या गणवेशावर पडतो. चिमूरच्या बाबतीत तो ८० वर्षांनंतरही पुसला गेलेला नाही.

भन्साळींचे पुढे काय झाले?

उपवासातून ते वाचले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी पद मागितले नाही. नागपूर जिल्ह्यातील टाकळी या गावी ते राहिले आणि तिथेच ग्रामसेवेचे काम करत आयुष्य काढले. त्या गावाच्या नावाला पुढे त्यांचे नाव जोडले गेले. आज ते टाकळी भन्साळी म्हणून ओळखले जाते.

१९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि देसाईगंज त्यात गेले. कोठडीतील अत्याचाराविरुद्धचा कायदा संसदेत मंजूर व्हायला अजून एक वर्ष बाकी होते.

चिमूरमध्ये आज १६ ऑगस्टला शहिदांना मानवंदना दिली जाते. गोळीबारात पडलेल्यांची आणि तुरुंगात गेलेल्यांची नावे घेतली जातात. ज्या महिलांसाठी ६३ दिवसांचा उपवास झाला, त्यांची यादी कुठल्याच सरकारी दप्तरात नाही. कारण त्यांचे म्हणणे नोंदवून घेणारी चौकशीच कधी झाली नाही.